आठ विरुद्ध एक : ज्यूरीच्या मनाचा शोध

२७ एप्रिल १९५९ ची दुपार. नौदलातला एक वरिष्ठ अधिकारी मुंबईत आपल्या नौकेवर गेला आणि तिथल्या भांडारातून त्याने एक रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं मागून घेतली. रात्री एकट्याने मोटार चालवत अहमदनगरला जायचं आहे, असं कारण त्याने सांगितलं. रिव्हॉल्व्हर त्याने तपकिरी लिफाफ्यात घातलं आणि मोटार काढली, पण ती अहमदनगरच्या रस्त्याला लागली नाही. आधी तो प्रेम आहुजा या मोटार विक्रेत्याच्या कचेरीत गेला. आहुजा तिथे नव्हता, म्हणून त्याच्या घरी गेला. आहुजा नुकताच आंघोळ करून कमरेला टॉवेल गुंडाळून शयनगृहात उभा होता. काही क्षणांतच तीन गोळ्या सुटल्या आणि आहुजा मरण पावला. अधिकारी स्वतःहून पोलिसांत हजर झाला.

हे कमांडर कावस माणेकशॉ नानावटी. आहुजाशी आपले संबंध आहेत, अशी कबुली त्यांच्या इंग्रज पत्नीने त्याच दिवशी त्यांना दिली होती. नानावटींचा बचाव असा : ‘तू तिच्याशी लग्न करणार का, मुलांना सांभाळणार का,’ एवढंच विचारायला मी गेलो होतो. आहुजाने अपमानकारक उत्तर दिलं आणि लिफाफ्यावर झडप घातली. झटापटीत गोळ्या आपोआप सुटल्या. सरकारी वकिलांचं उत्तर असं : झटापट झाली असती तर कमरेचा टॉवेल जागेवर राहिला नसता, तो तर प्रेतावर जसाच्या तसा होता. शिवाय अहमदनगरचं कारण खोटं होतं. दुपारी दीडच्या सुमारास नानावटी घराबाहेर पडले आणि गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मधल्या काळात त्यांनी पत्नीला आणि मुलांना सिनेमाला सोडलं होतं. भडकलेल्या डोक्याने केलेलं कृत्य असं दिसत नाही.

मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला : निर्दोष. खुनाचा आरोप नाहीच, पण त्याहून सौम्य असलेला सदोष मनुष्यवधाचा आरोपही त्यांनी मानला नाही. हा निकाल न्यायाधीश मेहता यांना इतका विपरीत वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ३०७ व्या कलमाने सत्र न्यायाधीशाला तेवढी मुभा होती. न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांनी मार्च १९६० मध्ये नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली.

पुरावा तोच, साक्षीदार तेच. आठ सरळमार्गी नागरिकांना त्यात निरपराध माणूस दिसला आणि दोन्ही वरिष्ठ न्यायालयांना खुनी. खटला सनसनाटी होता म्हणून असं झालं, हे एक उत्तर झालं. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली होती, कोर्टाबाहेर गर्दी लोटत होती, हे खरंच आहे. पण माणसाचं मन पुराव्याचं काय करतं, याची उत्तरं त्याच सुमारास अमेरिकेत शोधली जाऊ लागली होती. ती वाचली की नानावटींची ज्यूरी काही फार विचित्र वागली असं वाटत नाही.

आधी ज्यूरी असलेला खटला चालतो कसा ते पाहू, कारण आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी तो फक्त सिनेमात पाहिला आहे. मतदारयादीसारख्या याद्यांतून नागरिकांना बोलावणं जातं. चिठ्ठ्यांनी काही जणांची नावं निघतात, दोन्ही बाजूंचे वकील त्यांतल्या काहींना नाकारतात आणि उरलेले शपथ घेऊन बाकावर बसतात. सरकारी वकील आरोप मांडतो, साक्षीदार येतात, उलटतपासणी होते, मुद्देमाल दाखवला जातो, बचावाची बाजू येते, दोन्हीकडचे युक्तिवाद होतात. मग न्यायाधीश ज्यूरीला उद्देशून बोलतो : या गुन्ह्याचे घटक कोणते, कोणती गोष्ट कोणी सिद्ध करायची, शंकेचा फायदा केव्हा द्यायचा. यानंतर ज्यूरी एका खोलीत जाते आणि दार बंद होतं. काय घडलं हे ज्यूरी ठरवते, कायदा काय म्हणतो हे न्यायाधीश सांगतो, अशी ही वाटणी आहे. शिक्षा बहुतेक ठिकाणी न्यायाधीशच देतो. अर्थात अमेरिकेतही आज सर्वसामान्य आरोपीला ज्यूरीचं तोंड दिसत नाही. तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त शिक्षा गुन्ह्याच्या कबुलीवर, सौदा करून ठरतात.

खोलीतून बाहेर येते ती फक्त एक-दोन शब्दांची ओळ. कारणं द्यायची नाहीत. हे स्वातंत्र्य ज्यूरीने मोजून किंमत देऊन मिळवलं आहे. १६७० साली लंडनमध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर पंथाच्या दोघांवर बेकायदा जमावाला उपदेश केल्याचा खटला चालला. ज्यूरी त्यांना दोषी ठरवेना. न्यायाधीशांनी बारा जणांना अन्नपाण्याविना, शेकोटीविना दोन रात्री कोंडून ठेवलं. तरी ते बधले नाहीत, तेव्हा त्यांनाच दंड ठोठावला. एडवर्ड बुशेल या ज्यूररने दंड भरायचं नाकारलं आणि तो तुरुंगात गेला. मुख्य न्यायमूर्ती व्हॉन यांनी त्याला सोडताना दंडक घालून दिला : निकालाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही. हेच पेन पुढे अमेरिकेत गेले आणि पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे संस्थापक झाले.

म्हणजे खोलीत काय चालतं हे कळायला अधिकृत मार्गच नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५४ मध्ये तो कसा काढला, हे मोठं मासलेवाईक प्रकरण आहे. कॅन्सस राज्यातल्या विचिटा इथे न्यायाधीशांची आणि वकिलांची परवानगी घेऊन त्यांनी ज्यूरीच्या खोलीत ध्वनिमुद्रण यंत्र लपवलं. फक्त ज्यूरींना त्याची गंधवार्ता नव्हती. खटले दिवाणीच होते. वर्षभराने बातमी फुटली, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि १९५६ मध्ये असं मुद्रण करणं हा केंद्रीय गुन्हा ठरला. तेव्हापासून अभ्यासकांना दुसरे मार्ग धरावे लागले : खटल्यानंतर मुलाखती, निकालांची आकडेवारी आणि अभिरूप ज्यूरी, म्हणजे लोकांना जमवून खऱ्यासारखा खटला दाखवायचा आणि ते काय करतात ते पाहायचं.

त्याच शिकागो प्रकल्पातले हॅरी केल्व्हन आणि हान्स झायझेल यांनी एक साधी युक्ती केली. देशभरातल्या न्यायाधीशांना त्यांनी विचारलं : ज्यूरी नसती तर या खटल्यात तुम्ही स्वतः काय निकाल दिला असता? ३,५७६ फौजदारी खटल्यांची उत्तरं आली. १९६६ मध्ये ‘द अमेरिकन ज्यूरी’ हा ग्रंथ निघाला तेव्हा अनेकांचा अपेक्षाभंग झाला. शंभरातल्या सुमारे ७८ खटल्यांत न्यायाधीश आणि ज्यूरी यांचं एकमत होतं. जिथे मतभेद होता तिथे ज्यूरी बहुधा मवाळ होती : १९ टक्के खटल्यांत न्यायाधीशाने दोषी ठरवलं असतं पण ज्यूरीने सोडलं, उलट प्रकार जेमतेम ३ टक्के. शिवाय ज्यूरी मनमानी करते ती पुरावा दोन्ही बाजूंनी तुल्यबळ असताना, असं लेखकांना आढळलं. पारडं एकीकडे स्पष्ट झुकलेलं असेल तर भावनेला फारसा वाव उरत नाही.

मग पुरावा तोलला जातो तरी कसा? कायद्याची पुस्तकं गृहीत धरतात की माणूस एकेक साक्ष ऐकतो, तिची विश्वासार्हता ठरवतो आणि बेरीज करतो. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की असं कोणी करत नाही. ज्यूरर ऐकता ऐकता मनात गोष्ट रचतो : हा माणूस कोण, त्याला काय हवं होतं, त्याला कशाने डिवचलं, मग त्याने काय केलं. साक्षींतल्या फटी तो आपल्या जगण्याच्या अनुभवाने बुजवतो. शेवटी न्यायाधीश निकालाचे पर्याय सांगतो, तेव्हा तयार झालेली गोष्ट ज्या पर्यायात नीट बसेल तो उचलला जातो.

त्यांच्या एका प्रयोगाने वकिलांची झोप उडायला हवी होती. एका खुनाच्या खटल्याचा पुरावा त्यांनी दोन क्रमांनी मांडला. घटना जशा घडल्या त्या ओळीने एकदा, आणि साक्षीदार कोर्टात जसे येतात तसा विस्कळीतपणे एकदा. मजकुरात फरक नव्हता. फिर्यादीचा पुरावा गोष्टीच्या क्रमाने आणि बचावाचा विस्कळीत असा मांडला तेव्हा ७८ टक्के लोकांनी आरोपीला दोषी म्हटलं. उलटं केलं तेव्हा फक्त ३१ टक्क्यांनी. एका माणसाची फाशी किंवा सुटका कागद लावण्याच्या क्रमावर एवढी हलते.

आता नानावटींकडे परत जाऊ. काडतुसं, खोटं कारण, टॉवेल, घड्याळातली वेळ : फिर्यादी पक्षाकडे एकेक वस्तू भक्कम होती, पण त्यातून तयार होणारा माणूस ऐकणाऱ्याला ओळखीचा नव्हता. थंड डोक्याने खून करून लगेच पोलिसांत हजर होणारा, चारित्र्याला डाग नसलेला नौदल अधिकारी त्यांना पटेना. बचावाकडची गोष्ट मात्र कोणीही रस्त्यावर अर्ध्या मिनिटात सांगू शकला असता : घरचा सज्जन माणूस, फसवलेला नवरा, मुलांची काळजी, आणि लंपट श्रीमंत. त्यात टॉवेलला जागा नव्हती, म्हणून टॉवेल विसरला गेला. माझ्या मते तो निकाल भ्रष्ट नव्हता, मूर्खपणाचाही नव्हता. तयार असलेल्या दोन गोष्टींपैकी अधिक सलग वाटणारी गोष्ट आठ जणांनी उचलली.

यातली ‘आठ’ ही संख्याही पाहण्यासारखी आहे. एकटा राहिलेल्या नवव्या माणसाचं पुढे काही झालं नाही, कारण मुंबईत बहुमत पुरे होतं. इंग्लंड-अमेरिकेत परंपरेने एकमत लागायचं. इंग्लंडने १९६७ पासून दहा विरुद्ध दोन असा निकाल चालवून घेतला, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये लुइझियानाच्या एका खटल्यात गंभीर गुन्ह्यांसाठी एकमत सगळीकडे सक्तीचं केलं. एकमताची अट असली की एकट्याला सगळ्यांना वळवता येतं, ही समजूत १९५७ च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ ने आणि त्यावरून बासू चटर्जींनी १९८६ साली काढलेल्या ‘एक रुका हुआ फ़ैसला’ ने घट्ट केली. चित्रपट अप्रतिम आहेत, पण वास्तव असं क्वचित वागतं. केल्व्हन-झायझेल यांनी तपासलेल्या ज्यूरींमध्ये पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत होतं, तीच बाजू दहातल्या नऊ वेळा अखेरीस जिंकली. म्हणजे खोलीतली चर्चा बहुतेकदा आधीच झालेला निकाल पक्का करते. आणि जिथे अल्पमत टिकलं, तिथे सुरुवातीला एकटा माणूस नसून तीन-चार जणांचा गट होता.

असं का, याचं उत्तर सोलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रसिद्ध प्रयोगांत आहे. रेघांची लांबी ओळखण्यासारखी सोपी गोष्ट. पण खोलीतल्या बाकी सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की खऱ्या उमेदवाराची सुमारे तिसरा हिस्सा उत्तरं त्यांच्यामागे फरपटत जायची. एक जरी माणूस त्याच्या बाजूने बोलला तर हे प्रमाण धाडकन खाली यायचं. आपल्याकडे भावकीच्या बैठकीत, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हे कोणी पाहिलं नाही? ‘सगळ्यांचं ठरलंच आहे ना’ म्हटल्यावर हात वर करणाऱ्याला शेजारचा एक हात लागतो. म्हणून ज्यूरीची संख्या हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न नाही. बारा जणांत दोघांचं अल्पमत सापडण्याची शक्यता सहा जणांपेक्षा बरीच जास्त असते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये सहाची ज्यूरी चालेल म्हटलं, पण १९७८ मध्ये पाचाची मात्र अमान्य केली.

न्यायाधीशाच्या सूचना हा आणखी एक दुखरा भाग. वकील बोलू नये ते बोलून जातो, समोरचा हरकत घेतो, न्यायाधीश म्हणतो, ‘ज्यूरीने हे ऐकलंच नाही असं समजावं.’ शिकागोच्या अभ्यासकांनी एका अपघाताच्या दाव्यात हे तपासलं. प्रतिवादीचा विमा नाही असं ऐकलेल्या ज्यूरींनी सरासरी ३३ हजार डॉलर भरपाई दिली. विमा आहे असं सहज कळलेल्यांनी ३७ हजार. आणि विमा आहे हे कळल्यावर ‘ते विसरा’ अशी ताकीद मिळालेल्यांनी ४६ हजार! पुढे न्यायाधीशांवरही अशाच धर्तीचे प्रयोग झाले. बहुतेक वेळा त्यांनाही ऐकलेलं विसरता आलं नाही. माहीत असून निर्णय बदलू न देणं ही कला काळा झगा चढवल्याने येत नाही.

मग बाकावर बसतं कोण, हा प्रश्न येतोच. त्याचं सर्वांत कडू उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या इतिहासात आहे. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रेची, ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन : दोषी. दीड वर्षाची सक्तमजुरी. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर दुसरा खटला. या वेळी सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि एकवीस तासांहून जास्त बोलले. लेख ‘केसरी’तले, मराठी, ते न्यायालयापुढे आले इंग्रजी भाषांतरातून. आपल्याला मराठी जाणणाऱ्यांची ज्यूरी हवी, ही मागणी टिकली नाही. २२ जुलैच्या रात्री निकाल आला : सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला.

या दोन्ही खटल्यांत ‘आपल्या बरोबरीच्या लोकांकडून न्याय’ हे ज्यूरीचं ब्रीद उलटं झालं होतं. हा वसाहतीचा जुना मामला म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. फ्लॉरिडातल्या दोन परगण्यांतल्या २००० ते २०१० मधल्या सातशेहून अधिक गंभीर खटल्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यूरीसाठी बोलावलेल्या लोकांत एकही कृष्णवर्णीय नसेल तर कृष्णवर्णीय आरोपींपैकी ८१ टक्के आणि गोऱ्यांपैकी ६६ टक्के दोषी ठरले. बोलावलेल्यांत एक जरी कृष्णवर्णीय असला तर फरक जवळपास नाहीसा झाला : ७१ आणि ७३. सॅम्युएल सॉमर्स यांनी २००६ मध्ये अभिरूप ज्यूरींवर केलेला प्रयोग त्याचं एक कारण दाखवतो. मिश्र वर्णांच्या ज्यूरीत गोरे सदस्यच जास्त वेळ चर्चा करायचे, पुराव्यातले जास्त मुद्दे काढायचे आणि कमी चुका करायचे. शेजारी वेगळा माणूस बसलाय म्हटल्यावर बोलण्यापूर्वी जरा तपासून घ्यावं, असं वाटत असावं.

नानावटींच्या खटल्यामुळे भारतातली ज्यूरी गेली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ सालीच, म्हणजे गोळ्या सुटण्याच्या आधी, ज्यूरी पद्धत बंद करावी अशी शिफारस केली होती. त्यानंतरही काही ठिकाणी ती रेंगाळली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. नानावटींना १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, हे मात्र सगळ्यांना आठवतं.

ज्यूरी जाण्यात आपण कमावलं काय? लोकांना वाटतं, भावनेच्या जागी तर्क आला. मला तसं वाटत नाही, कारण गोष्ट रचणारं मन न्यायाधीशालाही असतं. खरी कमाई वेगळी आहे. उच्च न्यायालयाला नानावटींच्या निकालात हात घालता आला, तो सत्र न्यायाधीशाने ज्यूरीला दिलेल्या सूचना लेखी हाताशी होत्या म्हणून. अपघाताचा बचाव घेतला की ती परिस्थिती सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो, हे त्यांत नीट सांगितलेलं नव्हतं, आणि ते पकडता आलं. आठ जणांच्या डोक्यात काय चाललं होतं हे मात्र कुणालाच तपासता येत नव्हतं. आज सत्र न्यायाधीशाला कोणत्या साक्षीदारावर का विश्वास ठेवला, कोणता पुरावा का बाजूला सारला, हे पानोपान लिहावं लागतं. चुकला तर चूक कागदावर सापडते. ज्यूरीची मुख्य उणीव तिचा भावनिकपणा नव्हे, तिचं मौन. स्पेनसारख्या देशांनी ज्यूरी ठेवून तिलाच थोडक्यात कारणं द्यायला लावली, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

आणि ज्यूरी मुंबईतून पूर्ण गेली असंही नाही. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६ अन्वये चालणाऱ्या दाव्यांत आजही न्यायाधीशासोबत समाजातले पाच प्रतिनिधी बसतात; पूर्वी ते सात असत, १९८८ च्या दुरुस्तीने पाच झाले. नवरा-बायकोत नेमकं काय घडलं, याचा निर्णय ते बहुमताने देतात.